टोक नसलेला भाला

१९४५च्या ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आमची पलटण जावा बेटावर सुराबाया बंदरात उतरली. जपानने हत्यारं खाली ठेवून दोन महिने झाले होते. लढाई संपली, असं आम्हाला जहाजावर सांगण्यात आलं होतं. ऑर्डर साधी होती. जपान्यांची हत्यारं ताब्यात घ्यायची, त्यांच्या छावण्यांत कोंडलेल्या डच बायकामुलांना बाहेर काढायचं आणि शहरात शांतता ठेवायची. मी बी कंपनीचा क्लार्क होतो. रँक लान्स नाईक, वय बावीस, गाव संगमेश्वर तालुक्यातलं.

आता साल २००६ आहे आणि मी लीड्समध्ये मुलाकडे राहतो. तो इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. पुढे जे लिहिलं आहे ते मी साठ वर्षांत कुणाला सांगितलं नाही. पत्नीलाही नाही. गावात कुणी विचारलं, लढाईत कुठे होतास, की मी म्हणायचो, ‘बर्मा.’ आमच्यातले सगळे तेच म्हणायचे. बर्मा म्हटलं की लोक मान हलवून गप्प बसत. जावा म्हटलं की पुढचा प्रश्न येई. तिथे कुणाशी लढलात? उत्तर असं होतं की स्वातंत्र्य मागणाऱ्या लोकांशी. आणि मी सुट्टीवर गेलो तेव्हा आमच्याच गावचे दोघे चळवळीतला तुरुंगवास भोगून घरी आलेले होते.

फक्त आम्हीच लपवलं असं नाही. इथे इंग्लंडमध्ये जपानवरच्या विजयाचा दिवस ऑगस्टमध्ये धरतात. आमची माणसं त्यानंतर मेली. युद्ध संपल्यावर मेलेल्यांचं काय करायचं, हे कुणालाच ठरवता आलं नाही. युद्धाआधी तिथे ज्यांचं राज्य होतं त्या डचांना ते बेट परत हवं होतं, इंग्रजांना त्यातून लवकर पाय काढायचा होता, आणि दोन वर्षांनी स्वतंत्र झालेल्या हिंदुस्थानला आपले शिपाई तिथे होते हे आठवायचं नव्हतं.

आमच्या कंपनीचं हेडक्वार्टर आणि एक प्लाटून अशी चौतीस माणसं एका शाळेत होती. दुमजली इमारत, पुढे मैदान, मैदानापलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे दाट वस्ती. तिकडे अशा वस्तीला काम्पुंग म्हणतात. पहिले दोन दिवस नेहमीचे गेले. ०५३० वाजता स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यावर उभं राहणं, ०७०० वाजता चहा, मग गस्त. मी बाकावर टाइपरायटर ठेवून रिटर्न्स, म्हणजे वर पाठवायचे माणसांचे आणि सामानाचे तक्ते, काढत होतो. रस्त्यातली माणसं आमच्याकडे बघून हसत नव्हती, पण शिव्याही देत नव्हती. भिंतींवर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलेलं होतं. त्यातलं काही खास आम्हा हिंदी शिपायांसाठी होतं, की तुम्हीही गुलाम आहात, मग आमच्यावर बंदूक का? मला इंग्रजी वाचता येत होतं. नाईक तुकाराम शिंदेला येत नव्हतं. तो म्हणाला, “राण्या, काय लिवलंय रं?”

मी म्हणालो, “जाहिरात आहे.”

“कशाची?”

“साबणाची.”

“मग घे की दोन वड्या. तुझा शर्ट बघ.”

तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास गोळीबार सुरू झाला. शहरात आमची माणसं लहान लहान तुकड्यांत विखुरलेली होती. सगळ्यांवर एकाच वेळी हल्ला झाला. हजारो माणसं रस्त्यावर होती. त्यांच्याकडे जपान्यांच्या रायफली आणि मशिनगन होत्या. ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांनी बांबू तासून भाले केले होते. हे भाले खरे होते. मी ते डोळ्यांनी पाहिले आहेत, आणि भाले घेऊन मशिनगनवर धावणारी माणसंही पाहिली आहेत. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे खोटं मी लिहिलं ते याच खऱ्याच्या आधाराने खपलं.

आमचे कंपनी कमांडर मेजरसाहेब पहिल्या अर्ध्या तासात फाटकापाशी पडले. कमांड सुभेदार जाधवांकडे आली. ते सातारा जिल्ह्यातले, चाळिशीचे, बोलायला कमी. दुसऱ्या दिवशी पहाटे शाळेचे नळ बंद झाले. त्या वेळी आमचे शिपाई भिकू घाग आणि रामचंद्र मोरे मेलेले होते आणि सहा जखमी व्हरांड्यात होते. तुकारामाच्या मांडीत गोळी होती. सकाळी दहापर्यंत सगळ्यांच्या बाटल्या संपल्या. त्या हवेत पाण्याशिवाय माणूस किती टिकतो याचा हिशेब कुणी केला नाही. वायरलेसवर सिग्नलर बोलत होता, मी शेजारी लॉग लिहीत होतो.

“हॅलो वन. टू कॉलिंग. वॉटर निल. आय से अगेन, वॉटर निल. ओव्हर.”

“वन. वेट. आऊट.”

तो ‘वेट’ मी लॉगमध्ये चार वेळा लिहिला.

१११५ वाजता वरच्या खिडकीतल्या सेंट्रीने ओरडून सांगितलं, “एक माणूस येतोय. रस्ता ओलांडून. खांद्यावर काहीतरी आहे.”

मी खिडकीपाशी गेलो. काम्पुंगातून पन्नाशीचा एक माणूस निघाला होता. अनवाणी, उघडा, कमरेला चौकड्याचं लुंगीसारखं वस्त्र, डोक्यावर काळी टोपी. खांद्यावर कावड. दोन्ही टोकांना पत्र्याचे डबे, एक हिरवा, एक गंजलेला. तो सरळ रस्त्याच्या मधून आमच्याकडे येत होता. पळत नव्हता, वाकत नव्हता. कावड घेतलेल्या माणसाला पळता येत नाही. पाणी हिंदकळतं. तो त्या ठरावीक लयीत, गुडघे जरा सैल सोडून चालत होता.

सेंट्रीने रायफल उचलली.

सुभेदार म्हणाले, “कोणी गोळी घालायची नाही.”

“साब, फसवत असंल तर?”

“ऐकलं नाही का?”

आमच्या बाजूचा गोळीबार थांबला. मग समोरचाही थांबला. कुणी ऑर्डर दिली होती, मला माहीत नाही. मी पुढे एकोणीस वर्षं फौजेत काढली, दोन लढाया अजून पाहिल्या. पण तशी शांतता पुन्हा ऐकली नाही. चारशे-पाचशे बंदुका आणि त्यांच्या मधून एक माणूस पाणी न सांडता चाललेला.  

त्याने डबे फाटकात उतरवले. प्रत्येक डब्यातल्या पाण्यावर केळीच्या पानाचा एक तुकडा होता. पाणी हिंदकळू नये म्हणून ठेवतात. आमच्याकडे कोकणात बायका हंड्यात तसंच पान टाकतात. घाटावरही टाकतात. व्हरांड्यातल्या सगळ्यांनी ते पान ओळखलं. कुणीतरी म्हणालं, “आपल्यागतच हाय की.” त्या माणसाने आमच्याकडे पाहिलं, जखमींकडे पाहिलं, रिकामे डबे मागितले नाहीत. नुसता कावडीचा दांडा खांद्यावर टाकला आणि आला तसा परत गेला. तो आत शिरल्यावर दोन मिनिटांनी गोळीबार पुन्हा सुरू झाला.

दुपारी तीन वाजता तो दुसऱ्यांदा आला, दुसरे डबे घेऊन. या खेपेला त्याच्याच बाजूच्या लोकांनी त्याला आरडाओरडा केला. त्याने मागे पाहिलं नाही.

तुकारामाने पाणी पिऊन झाल्यावर विचारलं, “राण्या, नाव काय त्याचं?”

मी म्हणालो, “विचारलं नाही.”

“शिकलेली माणसं तुम्ही,” तो म्हणाला. “कामाचं तेवढं इचारत नाही.”

दुसऱ्या दिवशी तह झाला. आम्हाला ट्रकमधून बंदराकडे नेण्यात आलं. तुकाराम ०९१० वाजता ट्रकमध्येच वारला. त्याचं डोकं माझ्या बुटांवर होतं. जखमींतला शिपाई सखाराम कदम त्याच दिवशी संध्याकाळी गेला.

तह टिकला नाही. नोव्हेंबरात ताजी डिव्हिजन आली आणि शहर भाग पाडून घ्यायला सुरुवात झाली. आधी जहाजांच्या तोफा, मग विमानं, मग पायदळ. आमच्या कंपनीला नवे कमांडर मिळाले होते, कॅप्टन हॉलिस. वय तेवीस. शाळेसमोरचा तोच काम्पुंग आमच्या वाट्याला आला. प्लाटून सुभेदार जाधवांचीच होती. तुकारामाच्या सेक्शनमधली माणसं दोन आठवडे धड जेवली नव्हती. ०७०० वाजता ते आत शिरले. एका घरातून गोळी आली असं म्हणतात. मी ऐकली नाही. ०८४० वाजता संपलं.

०९१५ वाजता मी रजिस्टर घेऊन कॅप्टनसाहेबांबरोबर गेलो. अकरा प्रेतं होती. त्यात तीन बायका होत्या. रायफल एकही नव्हती. भाला एकही नव्हता. विहिरीपाशी तो पडलेला होता. टोपी बाजूला, उजव्या खांद्यावर जाड काळा घट्टा. तसाच घट्टा माझ्या वडिलांच्या खांद्यावर होता. ते गावात खोताच्या बागेला कावडीने पाणी घालायचे. मी लहानपणी त्या घट्ट्यावर बोट फिरवत असे. या माणसाची कावड त्याच्या अंगाखाली होती.

कॅप्टनसाहेब घामाने भिजले होते. म्हणाले, “अकरा किल्ड आणि वेपन्स निल. ब्रिगेड विचारील. इन्क्वायरी लागेल.” मग घरांच्या भिंतींना टेकवून ठेवलेल्या बांबूंकडे त्यांचं लक्ष गेलं. “रेन, व्हॉट आर दोज?”

राणे त्यांना म्हणता येत नसे, ते मला रेन म्हणत.

माझ्या मागे सेक्शनची माणसं उभी होती. पोरसवदा, काळवंडलेली. त्यांच्यातलं कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. दांड्यांच्या दोन्ही टोकांना दोरी अडकवायच्या खाचा होत्या. मधला भाग खांद्याला घासून गुळगुळीत झाला होता. सगळ्या कंपनीत त्या वस्तूबद्दल ज्याला कधीच शंका येणार नाही असा माणूस मी होतो.

मी म्हणालो, “स्पिअर्स, सर. बांबू.”

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मला वाटतं, त्यांना कळलं होतं. म्हणाले, “काउंट देम.”

मी मोजले. फौजेत वस्तूचं नाव आधी लिहितात आणि वर्णन मागून. ‘स्पिअर्स, बांबू, ९.’ आणि वरच्या ओळीत, ‘एनिमी किल्ड, ११.’ साहेबांनी सही केली. मग म्हणाले, एखादा चांगला नमुना ठेव, बाकीचे जाळा. मी विहिरीपाशी गेलो, त्या माणसाच्या अंगाखालून कावड ओढून काढली आणि तिला चिठ्ठी बांधली. तीच का निवडली, हे मला आजही नीट सांगता येत नाही. ती जळू नये असं वाटलं असेल.

सुभेदार जाधव कडेला उभे होते. त्यांनी तो चेहरा ओळखला होता. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. मला विचारलं, “काय लिहिलंस?”

“भाले.”

“बरं,” ते म्हणाले.

त्यानंतर ते वारेपर्यंत, म्हणजे पंचेचाळीस वर्षं, आमच्यात त्यावर एक शब्द झाला नाही. जानेवारीत मला नाईकची फीत मिळाली.

यंदा सप्टेंबरच्या एका शनिवारी सून शुभदा मला घेऊन आमच्याच यॉर्कशायर परगण्यातल्या एका गावी गेली. मुलाची ड्यूटी होती. तिथे जुन्या बराकीत एक लहानसं लष्करी म्युझियम आहे.

“बाबा, पार्किंग फ्री आहे आणि कॅफेतले स्कोन्स फार छान असतात म्हणे,” ती म्हणाली. “म्युझियम तुमचं, स्कोन माझा.”

“मला एकही नाही?”

“तुमचा शुगरचा एचबीए-वन-सी बघितलाय मी. वासावर भागवा.”

दुसऱ्या खोलीत भिंतीलगत काचेची एक लांब पेटी होती. पेटीत एक दांडा आडवा ठेवलेला. खाली छापील लेबल होतं: बांबूचा भाला, जावा, १९४५, एक्स्ट्रीमिस्टांकडून हस्तगत. टोक तुटलेलं आहे. दांड्याला तपकिरी चिठ्ठी बांधलेली होती. पेन्सिलने लिहिलेलं: ‘स्पिअर, बांबू, १. बी कॉय.’ कॉय म्हणजे कंपनी. खाली दोन आद्याक्षरं. माझी.

मी काचेवर हात टेकला. शुभदाने माझा दंड धरला.

“बाबा, बसता का? शुगर लो झालीय का?”

“नाही. हे वाच.”

तिने वाचलं. “भाला आहे. मग?”

“भाला नाही तो. कावड आहे.”

“कावड म्हणजे... श्रावणबाळाची असते तशी?”

“पाण्याची.”

“मग यांनी भाला कशाला लिहिलंय?”

“यांनी नाही लिहिलं,” मी म्हणालो. “मी लिहिलं.”

त्या दिवशी स्कोन राहिला. गाडीत मी तिला सगळं सांगितलं. ती मोटरवेवर डाव्या लेनमधून पन्नासने गाडी चालवत होती आणि मागचे ट्रक हॉर्न देत होते. घरापाशी आल्यावर तिने इंजिन बंद केलं आणि विचारलं, “आता काय करायचं?”

मी म्हणालो, “लेबल बदलायचं.”

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो. म्युझियमच्या क्युरेटर क्लेअर नावाच्या बाई होत्या. गळ्यात ओळखपत्र, केस विस्कटलेले, बोलणं सरळ. त्यांनी माझं ऐकून घेतलं.

“मिस्टर राणे, दर महिन्याला कुणी ना कुणी येतं आणि आमचं लेबल चुकलंय म्हणतं. बहुतेक वेळा बटणांबद्दल. चूक मीच केली, असं सांगणारे तुम्ही पहिलेच.”

वस्तू कॅप्टन हॉलिस वारल्यावर त्यांच्या मुलीने दिली होती. सोबत कागदही होता, कंपनीच्या रिटर्नची कार्बन कॉपी. त्यांनी ती टेबलावर ठेवली. अकरा. नऊ. माझ्या टाइपरायटरचा ‘ई’ खालच्या बाजूने तुटका होता. तो तसाच तुटका दिसत होता.

“कागद एक म्हणतो आहे,” क्लेअर म्हणाल्या. “तो खोडायला दुसरा कागद लागेल. तुमच्या सहीचा. काय झालं, कुठे, कुणाच्या कमांडखाली. आणि तो फाइलमध्ये राहील. कुणालाही मागता येईल. तुमच्या रेजिमेंटच्या लोकांनाही. याचा विचार करा.”

विचार करण्यासारखंच होतं. कमांडखाली म्हणजे सुभेदार जाधवांचं नाव लिहावं लागणार होतं. ज्या माणसाने सेंट्रीची रायफल खाली करायला लावली, त्याचंच नाव अकरा प्रेतांच्या खाली येणार होतं. ते हयात नव्हते. त्यांना विचारता येत नव्हतं. घरी येऊन मी साताऱ्याकडे त्यांच्या मुलाला, विलासला, फोन लावला. तो एसटीतून रिटायर झाला आहे.

“बोला काका! थंडी काय म्हणतीया तिकडं?”

मी सांगायला लागलो. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, “काका, आता कशापायी उकरताय? येशीवर अण्णांच्या नावाची कमान हाय. बर्मा रणवीर लिवलंय तिच्यावर. पोरं शाळेला जातात तिच्याखालनं.”

“मला माहीत आहे. उद्घाटनाला मी होतो.”

“होता न्हवं, भाषण तुम्हीच केलं की! अर्धा तास बर्मा बर्मा केलं तुम्ही. तवा का नाही बोलला?”

“धीर झाला नाही.”

“आणि आता झाला. अण्णा गेल्यावर.”

“हो,” मी म्हणालो. त्याचं बोलणं खरं होतं.

 मी फोन ठेवणार होतो. तेवढ्यात तो म्हणाला, “काका, त्या माणसानं पाण्यावर काय ठेवलं होतं म्हणालात?”

“केळीचं पान. तुकडा.”

“आमच्या परसात विहीर,” विलास म्हणाला. “सात पावलांवर. तरी अण्णा रोज सकाळी स्वतः हंडा भरून आणायचे आणि त्यात केळीच्या पानाचा तुकडा टाकायचे. आई वैतागायची. म्हणायची, सात पावलात काय समुद्र सांडतोय का? अण्णा बोलायचे न्हाईत. त्या हंड्यातलं पहिलं भांडं ते कुंपणाबाहेर ओतायचे. आम्हाला वाटायचं, म्हातारपणाचा चाळा.” मग तो म्हणाला, “लिवा काका. पण त्या दिवशी गोळी कुणी थांबवली, ते पण लिवा. दोन्ही लिवा.”

मी दोन्ही लिहिलं. स्टेटमेंट तीन पानांचं झालं. शुभदाने टाइप केलं. मी वेळा सांगत गेलो आणि ती मधूनच थांबून खिडकीबाहेर बघत राहिली.

क्लेअरबाईंनी स्टेटमेंट वाचलं आणि मला आतल्या खोलीत नेलं. टेबलावर पांढऱ्या फोमवर कावड ठेवलेली होती. त्यांनी मला जांभळे रबरी हातमोजे दिले.

“मला दाखवा,” त्या म्हणाल्या. “म्हणजे मला दुसऱ्यांना दाखवता येईल.”

मी आधी खाचा दाखवल्या. ज्याला ते तुटलेलं टोक समजत होते, तिथे कोयत्याने घेतलेली व्यवस्थित खाच होती, आणि दुसऱ्या टोकाला तिची जोड. खाचेच्या आत दोरीने पडलेली रेघ होती. मग मी दोन बोटं दांड्याच्या बरोबर मधोमध धरली आणि उचलला. तो सरळ आडवा राहिला. जरासुद्धा कलला नाही.

“भाला असा मधोमध तोलला जात नाही,” मी म्हणालो. “माणूस ओझं दोन्हीकडे सारखं करतो. मग चालतो.”

मधल्या भागावर, बोटांच्या खाली, खोलगट जागा होती. एका खांद्याने वर्षानुवर्षं झिजवलेली. हातमोज्यातूनही ती कळत होती. मी तेवीस वर्षांच्या साहेबाला जे सांगू शकलो नाही ते या दांड्याने साठ वर्षं सांभाळून ठेवलं होतं. काचेमागे, खोट्या नावाखाली, कुणीही बघेल असं.  क्लेअरबाईंनी मला पाणी आणून दिलं, कागदी कपात. मी ते लगेच प्यालो नाही.

फॉर्म भरताना त्यांनी विचारलं, “वापरणाऱ्याचं नाव?”

“माहीत नाही.”

“या रकान्यात काहीतरी लिहावं लागतं.”

“मग लिहा, माहीत नाही. विचारलं नाही.”

त्यांनी तसंच लिहिलं. नवं लेबल ऑक्टोबरात लागलं. पाणी वाहायचा दांडा, सुराबाया, १९४५. लढाई चालू असताना एका स्थानिक रहिवाशाने या दांड्यावरून हिंदी जखमी सैनिकांना दोन वेळा पाणी आणून दिलं. दोन आठवड्यांनी तो त्याच पलटणीकडून मारला गेला. त्या वेळी याची नोंद भाला अशी करण्यात आली. माझी चिठ्ठी त्यांनी काढली नाही. तीही राहिली पाहिजे, असं त्या म्हणाल्या. मला ते पटलं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी इथे युद्धात मेलेल्यांचा स्मरणदिन असतो. त्या दिवशी शहरातल्या स्मारकापाशी मी दरवर्षीप्रमाणे गेलो. शुभदाने माझ्या कोटाला मेडल लावलं. त्यावरच्या पट्टीवर आग्नेय आशिया, १९४५–४६ असं कोरलेलं आहे. शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध गोऱ्या गृहस्थांनी ते पाहिलं आणि दरवर्षी कुणीतरी विचारतं तेच विचारलं, “बर्मा?”

“नो,” मी म्हणालो. “जावा.”

“तिथेही आपण होतो?”

“होतो.”

ते आणखी काही विचारणार होते, पण अकरा वाजले. दोन मिनिटांच्या मौनात मी मनातल्या मनात नावं घेतली. नाईक तुकाराम शिंदे. शिपाई भिकू घाग. शिपाई रामचंद्र मोरे. शिपाई सखाराम कदम. आमचे मेजरसाहेब. नंतर गेलेले सुभेदार जाधव. त्या काम्पुंगातली दहा माणसं, त्यांत तीन बायका. आणि सगळ्यांत शेवटी तो, ज्याचं नाव तुकारामाने मला विचारलं होतं.